घरपट्टीची सवलत वयाला नव्हे, अर्जाला!

पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून भिलाईत स्वतःचे घर बांधणाऱ्या पिढीला आता त्याच घराचे बिल जड जाऊ लागले आहे. कायद्यात सवलती आहेत, पण त्या आपल्या पायांनी चालत कुणाच्या दारी येत नाहीत. त्या कुणाला मिळतात, कशा मागायच्या आणि त्यासाठी घरात कोणते कागद तयार हवेत, याची ही माहिती.

मार्च महिना उजाडला की भिलाईत सुपेला येथील नगर निगम कार्यालयात कर भरणाऱ्यांच्या रांगा वाढू लागतात. हातात कापडी पिशवी घेतलेली, सत्तरी ओलांडलेली एखादी आजी त्या रांगेत हमखास दिसते. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात जपून गुंडाळलेल्या जुन्या पावत्या असतात. प्रत्येक पावतीवर नाव असते तिच्या यजमानांचे, आणि यजमानांना जाऊन तर पाच-सात वर्षे झालेली असतात. खिडकीपाशी पोहोचल्यावर ती हळूच विचारते, विधवा बाईला घराच्या करात काही सूट असते का? आतला कारकून बिल उलटसुलट पाहतो आणि म्हणतो, "माताजी, मकान तो आपके नाम पर है ही नहीं."

कारकुनाचे यात काही चुकत नाही. आजीचेही नाही. चुकलेले असते ते एवढेच, की घरातल्या कुणालाही वेळेवर एक अर्ज करायचे सुचलेले नसते.

क्वार्टर सुटले, घर उरले

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया हा भाग तर रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. त्यामुळे विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली.

नोकरी होती तोवर सेक्टरमधले क्वार्टर होते. निवृत्तीनंतर ते सोडावे लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, सोने मोडून, कधी गावाकडची शेती विकून लोकांनी नेहरूनगर, वैशालीनगर, स्मृतिनगर, रिसाली अशा भागांत घरे बांधली. त्या काळी या वस्त्यांचा कारभार 'साडा' म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे होता. 1998 मध्ये भिलाई नगर निगम स्थापन झाले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले. 2019 मध्ये रिसालीचे नगर निगमही वेगळे झाले.

घर बांधताना कुणी पुढच्या तीस वर्षांच्या घरपट्टीचा हिशेब केला नव्हता. आज तो करावा लागतो, कारण घर मोठे आणि उत्पन्न लहान अशी अनेकांची अवस्था आहे. 1995 साली सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत बहुतेकांचे पेन्शन प्रत्यक्ष पगारावर नव्हे, तर ठरवून दिलेल्या वेतनमर्यादेवर मोजले जाते. ही मर्यादा 2014 पर्यंत अवघी 6,500 रुपये होती. त्यामुळे हाताखाली माणसे असलेल्या फोरमनलाही निवृत्तीनंतर महिना दोन-तीन हजारांवर समाधान मानावे लागले. निवृत्त कामगार गेल्यावर त्याच्या पत्नीला मिळते ते साधारण त्याच्या निम्मे. सप्टेंबर 2014 मध्ये या पेन्शनची किमान रक्कम 1,000 रुपये ठरवण्यात आली, यावरूनच बाकीचा अंदाज यावा.

घरपट्टी मात्र घरात किती पैसे येतात हे पाहून ठरत नाही. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येऊ शकेल, त्या रकमेवर ती ठरते. या रकमेला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. वस्ती, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर पाहून ते काढले जाते. नवऱ्याचा पगार बंद झाला म्हणून भिंतींचे क्षेत्रफळ कमी होत नाही. म्हणून ही पट्टी म्हातारपणी जास्त टोचते.

साठी झाली म्हणजे सूट मिळते का?

बँकेत मुदत ठेव ठेवली की ज्येष्ठ नागरिकांना थोडे अधिक व्याज मिळते. आयकरातही त्यांच्यासाठी वेगळ्या सवलती आहेत. मार्च 2020 पर्यंत रेल्वेच्या तिकिटातही सवलत होती. या सवयीमुळे अनेकांचा समज असतो, की साठी पूर्ण झाली की घरपट्टीही आपोआप कमी होते. भिलाईत तसे होत नाही.

इथल्या करआकारणीचा आधार आहे छत्तीसगड नगरपालिक निगम अधिनियम, 1956. हा कायदा मूळचा मध्य प्रदेशाचा, राज्य वेगळे झाल्यावर छत्तीसगडकडे आला. त्याच्या 136व्या कलमात संपत्ती करातून कुणाला सूट आहे, ते दिले आहे. केवळ वय झाले म्हणून सूट, अशी तरतूद त्यात नाही. पण म्हणून निराश होण्याचे कारण नाही. वयस्कर माणसाच्या वाट्याला ज्या परिस्थिती हटकून येतात, त्यांतल्या काहींचा विचार या कायद्याने केला आहे. सवलतीचे दार आहे, फक्त त्यावरची पाटी वेगळ्या नावाची आहे.

पहिली सवलत: स्वतः राहत असाल तर

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त लोकांच्या उपयोगाची सवलत ही आहे. मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्या घरावरचा संपत्ती कर निम्मा आकारला जातो. त्यासाठी वयाची अट नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका घराचे वार्षिक भाडेमूल्य 24,000 रुपये ठरले आणि कराचा दर 10 टक्के धरला. पूर्ण कर झाला 2,400 रुपये. मालक त्याच घरात राहतो, अशी नोंद असेल तर तो 1,200 रुपये होतो. वर्ष संपण्याची वाट न पाहता नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच कर भरणाऱ्याला छत्तीसगडमधल्या नगर निगमांत 6.25 टक्के सूट देण्याची पद्धत आहे. ती मिळाली तर आणखी 75 रुपये वाचतात. म्हणजे 2,400 च्या जागी 1,125 रुपये. ज्या घरात महिन्याचे पेन्शनच हजार-दीड हजार आहे, तिथे ही बचत म्हणजे पूर्ण महिन्याची औषधे.

वेळेपूर्वी भरण्याची तारीख आणि सुटीचा दर दरवर्षी निगम जाहीर करते. तेव्हा एप्रिल लागताच चौकशी करावी. मार्च उलटून गेला तर मात्र सूट राहिली बाजूला, वर अधिभार चढतो.

बिलावर संपत्ती कराखेरीज आणखी काही रकमा असतात, हेही ध्यानात घ्यावे. सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन यांसाठीचा समेकित कर, शिक्षण उपकर, पाणीपट्टी आणि कचरा उचलण्याचे शुल्क या त्या रकमा. निम्म्याची सवलत संपत्ती कराच्या ओळीपुरती असते. "अर्धे म्हणाले होते, मग बिल अर्धे का नाही?" असा वाद घालण्यापूर्वी बिलातली प्रत्येक ओळ वेगळी वाचावी.

दुसरी सवलत: परिस्थितीमुळे मिळणारी

विधवा स्त्रिया, तसेच शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या व्यक्ती यांच्या मालकीच्या घराला 136व्या कलमात सूट आहे. अट अशी, की त्या घराचे भाडे हेच त्यांच्या उदरनिर्वाहाचे मुख्य साधन असले पाहिजे. ही सूट भाडेमूल्याच्या एका मर्यादेपर्यंत असते. पुढची खोली एखाद्या कुटुंबाला किंवा कोचिंगसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देऊन घर चालवणाऱ्या आजींसाठी ही तरतूद मोलाची आहे.

याशिवाय अंध व्यक्ती, परित्यक्ता, स्वातंत्र्यसैनिक, संरक्षण दलातले निवृत्त सैनिक आणि त्यांच्या विधवा यांचाही उल्लेख या कलमात आहे. सैनिकांच्या बाबतीत आयकर लागू होत नसल्याची अट आहे. आपण यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे आपल्या झोन कार्यालयात विचारावे आणि अर्ज लेखीच द्यावा. नेहरूनगर, वैशालीनगर, सेक्टर 6 अशा ठिकाणी ही झोन कार्यालये आहेत. प्रत्येक वेळी सुपेल्यापर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

खरी अडचण नावाची

वर सांगितलेल्या बहुतेक सवलतींची किल्ली एकच आहे. घर कुणाच्या नावावर आहे? विधवेला सूट आहे, पण विधवेच्या घराला. पाटीवर आणि पावतीवर अजून दिवंगत पतीचेच नाव असेल, तर निगमच्या दप्तरी ती विधवाही नाही आणि मालकीणही नाही.

हे काम का राहते, याचे उत्तर बहुतेक घरांत सारखेच मिळेल. पुण्याला किंवा हैदराबादला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, "आई, घर कुठं पळून चाललंय? दिवाळीत आलो की बघू." दिवाळी येते, फराळ होतो, नातवंडे खेळतात आणि पाचव्या दिवशी गाडीची वेळ होते. विषय निघाला तरी घराच्या कागदांचे बोलणे सणासुदीला नको, असे आईलाच वाटते. कधी सुनेला, कधी जावयाला काय वाटेल, याचा संकोच. अशी दहा वर्षे सरतात.

हा संकोच दूर करणारी एक गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी. निगमच्या दप्तरात नाव बदलणे, ज्याला इकडे नामांतरण म्हणतात, ते कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी असते. अशा नोंदीमुळे कुणाला मालकी मिळत नाही किंवा कुणाची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. आईचे नाव लागले म्हणून मुलामुलींचा वारसाहक्क बुडत नाही.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास तीही, असे सर्व समान वाटेकरी असतात. त्यामुळे नामांतरणाच्या अर्जात सर्व वारसांची नावे येतात. घर एकट्या आईच्याच नावे व्हावे, अशी सर्वांची इच्छा असेल तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. नवरा-बायको दोघेही हयात असताना मृत्युपत्र करून ठेवले, तर मागे राहणाऱ्याचे काम बरेच सोपे होते.

याच्या उलट एक चूकही होते. 'आपले काय, आज आहोत उद्या नाही' असे म्हणत काही आईवडील हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. त्या क्षणापासून मालक मुलगा होतो. तो दुसऱ्या गावी राहत असेल, तर मालक स्वतः राहत असल्याची सवलत अडचणीत येते आणि आईची विधवा म्हणून असलेली सवलतही जाते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची सोय 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात आहे. पण म्हातारपणी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सही करण्याआधी चार दिवस विचार करणे शहाणपणाचे.

भाडेकरू लपवू नका

भिलाईत घराची माहिती मालकाने स्वतःच भरून द्यायची असते. या अर्जाला स्वविवरणी म्हणतात. त्यात क्षेत्रफळ किती, बांधकाम कसले, किती भागात स्वतः राहता आणि किती भाड्याने दिला, हे लिहायचे असते. इथे थोडे पैसे वाचवण्याचा मोह होतो.

मघाचेच उदाहरण घेऊ. 24,000 भाडेमूल्याच्या घराचा एक तृतीयांश भाग भाड्याने दिला आहे, आणि मालक वर सांगितलेल्या कोणत्याही खास गटात बसत नाही. भाड्याच्या भागावर पूर्ण कर 800 रुपये. उरलेल्या भागावर 1,600 चा निम्मा, म्हणजे 800 रुपये. एकूण 1,600. भाडेकरू लपवला तर 1,200 भरावे लागतील, म्हणजे 400 रुपये वाचतील. पण तपासणीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत निघाली, तर फरकाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. 400 रुपये वाचवायला जाऊन 2,000 रुपये दंड बसायचा! शिवाय भाड्यावरच गुजराण करणाऱ्या विधवेने भाडेकरू लपवला, तर ती स्वतःच्या हक्काची सूटही लपवते.

टाऊनशिपमध्ये कारखान्याकडून दीर्घ मुदतीच्या लीजवर क्वार्टर घेतलेल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. कर कुणी भरायचा, दुरुस्ती व वाढीव बांधकामाचे काय, हे त्यांच्या करारावर अवलंबून असते. त्यांनी आधी करार वाचावा आणि मगच निगममध्ये जावे. कराराची प्रत सापडत नसेल, तर ती मिळवणे हेच पहिले काम.

इतर शहरांत काय आहे?

प्रत्येक शहराचा नियम निराळा आहे. त्यामुळे मुंबईच्या बहिणीने सांगितलेली सवलत भिलाईत मागून चालत नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता करात माफी आहे. दिल्लीत ज्येष्ठ नागरिकांना, स्वतः राहत असलेल्या एका घरावर 200 चौरस मीटरपर्यंत 30 टक्के सूट मिळते. तिथे मात्र वयालाच मान आहे.

पुण्याचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे स्वतः राहणाऱ्या मालकाला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. मध्यंतरी ती बंद झाली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण ज्यांची सवलत गेली होती, त्यांना ती परत मिळवण्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा लागला. सवलत सर्वांसाठी जाहीर झाली, पण अर्ज न करणाऱ्याच्या पदरात ती पडली नाही.

परदेशातही म्हातारपण आणि घरपट्टी हा पेच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 1964 मध्ये वयस्करांसाठी योजना आणली. उत्पन्नाच्या मानाने घराचा कर फारच जड झाला, तर त्याचा काही भाग सरकारच परत करते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1974 पासून वेगळाच मार्ग आहे. 55 वर्षे पूर्ण झालेल्या मालकाचा कर सरकार भरते आणि घर विकले जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा व्याजासह वसूल करते. म्हाताऱ्या माणसाला कर चुकवायचा नसतो, त्याच्या हातात त्या वेळी रोकड नसते, हे ओळखून केलेली ही सोय आहे. आपल्याकडच्या नगर निगमांनीही असा विचार करायला हरकत नाही. तोवर आहे त्या कायद्याचा पुरता लाभ घेणे आपल्या हातात आहे.

एका फायलीत एवढे ठेवा

• घराची रजिस्ट्री किंवा लीजची प्रत.
• गेल्या काही वर्षांच्या कराच्या पावत्या आणि भरलेल्या स्वविवरणीची प्रत.
• पती किंवा पत्नीचा मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला, वारसांचे शपथपत्र, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत.
• अपंगत्वाचे प्रमाणपत्र, सैनिक असल्यास सेवामुक्तीचे कागद, जे लागू असेल ते.
• भाडे हेच उपजीविकेचे साधन असल्यास भाडेकरार आणि पेन्शनचे पासबुक.
• दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. तोंडी विनंतीला पोच नसते, म्हणून अर्ज लेखीच हवा.

थकबाकी साचली असेल तरी घाबरून बिल फडताळात टाकू नये. अधिभार थांबत नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत निगमच्या थकबाकीची प्रकरणेही मांडली जातात. त्या वेळी अधिभारात काही सूट आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

आणि हे सगळे आजीनेच एकटीने करावे, असे नाही. दिवाळीला येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने एक दिवस आधी यावे, एवढे पुरे. सुट्टीच्या गर्दीआधीचा कामाचा दिवस गाठावा, आईला रिक्षात घालून झोन कार्यालयात न्यावे, नामांतरणाचा अर्ज द्यावा आणि पोच घेऊन परत यावे. मिठाईचा डबा तर प्रत्येक वर्षी येतोच. पुढच्या एप्रिलमध्ये तिच्या हाती पडणाऱ्या पावतीवर, आयुष्यभर ज्या घराचे अंगण तिने झाडले त्या घराच्या मालकिणीचे नाव पहिल्यांदा छापून आलेले असेल. वाचलेल्या हजार-बाराशे रुपयांपेक्षा तिला त्याचेच अप्रूप अधिक वाटेल.